लॉक नवं, त्रास जुनाच: जुन्या गाडीच्या दरवाजाचं लॉक पुन्हा पुन्हा का बिघडतं?

मार्च-एप्रिलमध्ये ड्रायव्हर बाजूचं लॉक नवं टाकलं, पावसाळा निभावला, आणि दिवाळीच्या आसपास पुन्हा तेच. हँडल ओढावं तर दरवाजा ढिम्म, किंवा दरवाजा लावावा तर तो आपटून परत उघडा. मग स्पेअरवाल्याला शिव्या, 'डुप्लिकेट माल दिला' म्हणून. माल कधी कधी खरंच डुप्लिकेट असतो. पण दहा-पंधरा वर्षांच्या गाडीत लॉक बहुतेक वेळा आपल्या मरणानं मरत नाही, त्याला पाणी, धूळ, झुकलेला दरवाजा किंवा चुकीचा ताणलेला रॉड मारतो. तो मारेकरी तसाच आत ठेवून नवं लॉक बसवलं, तर त्याचीही तीच गत होणार. म्हणून इथे लॉक बदलण्याची कृती उशिरा येईल, आधी निदान.

हे सगळं रॉडवर चालणाऱ्या लॉकबद्दल आहे: मारुती ८००, ऑल्टो, झेन, वॅगन-आर, सँट्रो, इंडिका, आणि आपल्या नाशिकच्या सातपूरच्या कारखान्यातून निघालेल्या जुन्या बोलेरो. स्क्रूच्या जागा आणि क्लिपांचे आकार गाडीगणिक बदलतात, आतलं तत्त्व तेच राहतं.

'लॉक' म्हणजे नेमकं काय बिघडलंय?

दरवाजाच्या पोटात चार वेगळ्या वस्तू असतात आणि आपण सगळ्यांना 'लॉक'च म्हणतो. चावी जाते ते सिलिंडर. बाहेरचं आणि आतलं हँडल. दरवाजाच्या मागच्या कडेला तीन स्क्रूंनी धरलेलं लॅच, ज्यात एक फिरती जीभ असते. आणि सेंट्रल लॉक असेल तर त्याची मोटर, जिला गॅरेजमध्ये 'गन' म्हणतात. या चौघांना जोडणाऱ्या तीन-चार बारीक सळया म्हणजे रॉड, आणि प्रत्येक रॉडच्या टोकाला प्लास्टिकची एक चिमुकली क्लिप. पाचवी वस्तू दरवाजात नसते, ती गाडीच्या खांबावर असते: स्ट्रायकर, म्हणजे ज्या कडीला लॅचची जीभ मिठी मारते तो.

दोष कुठला ते ओळखायला फक्त एक स्क्रू ड्रायव्हर लागतो. दरवाजा सताड उघडा. लॅचच्या तोंडात दिसणारी जीभ स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्यानं आत ढकला. दोनदा 'टक्' असा आवाज आला पाहिजे. पहिला टक् म्हणजे अर्धवट बंद, दुसरा म्हणजे पूर्ण बंद. आता बाहेरचं हँडल ओढा: जीभ झटक्यात सुटून मोकळी झाली पाहिजे. पुन्हा दोन टक्, मग आतलं हँडल. पुन्हा दोन टक्, मग लॉक करून हँडल ओढा (सुटता कामा नये), चावीनं उघडून ओढा (सुटलं पाहिजे). ही तपासणी संपली की जीभ मोकळी आहे ना ते बघूनच दरवाजा लावा. जीभ बंद अवस्थेत असताना दरवाजा आपटला तर ती सरळ स्ट्रायकरवर आदळते, आणि मग बिघाड शोधायला बसलेला माणूसच नवा बिघाड करून उठतो.

या पाच मिनिटांत बरंच कळतं. उघड्या दरवाजात जीभ दोन्ही टक् नीट घेते, दोन्ही हँडलनं सुटते, पण दरवाजा लावताना मात्र लागत नाही: लॅच ठणठणीत आहे, दोष स्ट्रायकर किंवा बिजागरीचा. आतून सुटते, बाहेरून नाही: बाहेरच्या हँडलचा रॉड, त्याची क्लिप किंवा हँडलचाच मागचा कान (ज्यात रॉड अडकतो ती छोटी पट्टी) तुटलाय. हँडल हातात अगदी लुळं लागत असेल तर क्लिपच निसटली असं बिनधास्त समजा. जीभ ढकलल्यावर टिकतच नाही, परत उघडते: लॅचमध्ये घाण भरलीय, आतली स्प्रिंग मेलीय, किंवा रॉड ताणलेला आहे (याबद्दल पुढे, कारण गॅरेजमधली सगळ्यात नेहमीची चूक हीच). चावी फिरते पण काही होत नाही: सिलिंडरच्या मागची पट्टी किंवा तिची क्लिप. चावी फिरतच नाही: सिलिंडरच्या आतल्या पितळी पत्त्या.

मागचा दरवाजा फक्त आतून उघडत नाही, अशी तक्रार असेल तर काहीही खोलण्याआधी दरवाजाच्या कडेला लॅचजवळची लहान मुलांच्या लॉकची खिट्टी बघा. गाडी धुताना ती खाली-वर होते. लॉक बदलून झाल्यावर खिट्टी सापडणं फार लाजिरवाणं असतं.

मारेकरी क्रमांक एक: पुठ्ठ्यामागचा कागद

दरवाजाच्या काचेच्या बाहेरच्या रबरातून पाणी आत जातंच. नव्या गाडीतही जातं, तो दोष नाही. कंपनीनं तशीच रचना केलेली असते: पाणी काचेवरून आत उतरतं, दरवाजाच्या तळाशी जातं आणि खालच्या कडेच्या लहान भोकांतून बाहेर पडतं. आतल्या पुठ्ठ्याला (डोअर पॅडला) ते लागू नये म्हणून पत्र्यावर एक प्लास्टिकचा कागद काळ्या चिकट डिंकानं डकवलेला असतो. त्याची खालची कड पत्र्याच्या खाचेतून आत खोचलेली असते, म्हणजे कागदावरून ओघळलेलं पाणी परत दरवाजाच्या पोटातच पडतं.

पहिल्यांदा कधीतरी काचेचं काम, स्पीकरचं काम किंवा सेंट्रल लॉक बसवताना हा कागद फाडला जातो. 'त्याचं काही काम नसतं साहेब' म्हणून तो तिथेच कचऱ्यात जातो. इथून पुढे त्र्यंबक-इगतपुरीकडे पावसात चार फेऱ्या झाल्या की पुठ्ठा खालून फुगतो, कुबट वास येतो, आणि मोटरच्या व लॅचच्या मागच्या बाजूवर ओल बसते. लॅच कितीही भारी आणा, त्याला ओलीत ठेवलं तर एक-दोन पावसाळ्यांत गंजणार.

त्याच्या जोडीला तळाची भोकं. गावाकडच्या रस्त्यांवर, द्राक्षबागांच्या बांधावरून, ट्रॅक्टरमागे चालणाऱ्या गाडीत दरवाजाच्या तळाशी बारीक माती साठते आणि पावसात तिचा चिखल होऊन भोकं बुजतात. मग दरवाजा हलवला की आत पाणी डचमळल्याचा आवाज येतो. तो आवाज आला की आधी जाड तार घेऊन भोकं मोकळी करा, लॉक मागाहून बघू. गोदेच्या पुरात उभी राहिलेली गाडी तर वेगळाच मामला. २०१९ च्या ऑगस्टसारखं पाणी चढतं तेव्हा पूर किती आला ते जोखायला सगळं नाशिक गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतं, पण घाटाजवळ लावलेल्या चारचाकी मारुतीचं दार किती बुडालं हे कुणी बघत नाही. पुराचा गाळ लॅचमध्ये वाळला की तो सिमेंटसारखा होतो, आणि असं लॅच धुऊन फार दिवस चालत नाही. बदलाच.

धूळ, थंडी आणि नको ते तेल

लॅच कडक झालं की पहिला हात डब्ल्यूडी-४० कडे जातो. ते वाईट नाही, पण ते धुण्याचं औषध आहे, वंगण म्हणून फार टिकत नाही. पातळ थर सोडून उडून जातं, आणि दोन आठवड्यांनी लॅच पहिल्यापेक्षा कोरडं. याच्याहून वाईट म्हणजे ऑइल बदलताना निघालेलं काळं तेल पिचकारीनं लॅचमध्ये मारणं. त्यावर धूळ बसते, तिचा काळा लगदा होतो, आणि डिसेंबर-जानेवारीत निफाड-ओझरच्या बाजूला पहाटेची थंडी पडली की तो लगदा घट्ट होतो. आतली छोटी स्प्रिंग त्या लगद्याला हलवू शकत नाही, जीभ अडकून राहते आणि दरवाजा लागतच नाही. ऊन चढलं, अकरा वाजले, की दरवाजा आपोआप शहाणा. 'सकाळीच लागत नाही, दुपारी लागतो' असं कुणी म्हटलं तर नवं लॉक घेऊ नका, जुनं धुवा.

धुण्याची रीत अशी: खाली फडकं धरा, ब्रेक क्लीनरची बारीक नळी लॅचच्या तोंडात घालून फवारा मारा, आणि स्क्रू ड्रायव्हरनं जीभ दहा-पंधरा वेळा बंद-मोकळी करत राहा. काळं पाणी निघायचं थांबेपर्यंत दोन-तीनदा हेच. क्लीनर रंगावर सांडू देऊ नका, रंग उचलतो. पेट्रोल तर नकोच, दरवाजाच्या बंद पोटात त्याची वाफ साठते आणि तिथेच बॅटरीच्या वायरी असतात. कोरडं झालं की पांढरं लिथियम ग्रीस, तेही जिभेवर आणि तिच्या खिळ्यावर हरभऱ्याएवढं. स्ट्रायकरवर बोटानं हलका हात फिरवला तरी पुरे. चावीच्या सिलिंडरला मात्र ग्रीसही नको, तेलही नको. तिथे कोरडी ग्रॅफाइट पावडर: नळीनं चिमूटभर फुंकायची आणि चावी वीसेक वेळा आत-बाहेर करायची.

झुकलेला दरवाजा

ड्रायव्हरचा दरवाजा दिवसातून दहा वेळा उघडतो, आणि उतरताना प्रत्येक जण त्यावर हाताचा भार टाकतो. वर्षानुवर्षांनी बिजागरीची पिन आणि बुश घासतात, दरवाजाचं मागचं टोक दोन-तीन मिलिमीटर खाली येतं. मग लॅचचं तोंड स्ट्रायकरच्या कडीवर सरळ येत नाही, खालून घासत चढतं. लोक जोरात आपटू लागतात, आणि रोजच्या त्या आपटण्यानं नव्या लॅचचं प्लास्टिक महिन्याभरात फुटतं.

तपासायला दरवाजा अर्धा उघडा, मागच्या कडेला खालून दोन्ही हातांनी धरून उचला. बिजागरीत 'खटक' जाणवली तर पिन-बुश गेलेत. स्ट्रायकरच्या कडीकडेही बघा: झीज मधोमध असावी. वरच्या किंवा खालच्या बाजूला चकाकणारा ओरखडा असेल तर दरवाजा झुकलाय. खात्री करायची तर कडीवर मास्किंग टेपचा एक वेढा लावा, दरवाजा हळूच एकदा लावून उघडा आणि टेप कुठे दबला ते बघा.

पिन-बुश बाजारात मिळाले नाहीत तर अंबड-सातपूरच्या लेथवर मापाचे करून मिळतात. जुनी पिन सोबत न्या, तोंडी माप सांगू नका. बिजागरी ठीक असेल आणि फरक थोडाच असेल तर स्ट्रायकर सरकवता येतो. त्याचे दोन मोठे स्क्रू असतात, बहुधा तीन नंबरच्या प्लसचे किंवा टी-४० या चांदणीच्या आकाराच्या बिटाचे. सोडवण्याआधी त्याच्या कडेनं मार्करनं रेघ मारा, म्हणजे चुकलं तर जुन्या जागी परतता येईल. स्क्रू पूर्ण काढू नका, कारण काही गाड्यांत आतली जाड पट्टी खांबात पडते आणि मग ती काढायला अर्धा दिवस जातो. एका वेळी एक मिलिमीटर, त्याहून जास्त नाही. दरवाजा लागल्यावर मागच्या पत्र्यापेक्षा बाहेर राहत असेल तर स्ट्रायकर आत, आणि लागायलाच फार जोर लागत असेल तर बाहेर. वरखाली करताना टेपच्या खुणेवर चाला.

झुकलेल्या दरवाजाला स्ट्रायकर खाली आणून जुळवणं म्हणजे तात्पुरती मलमपट्टी, बिजागरी झिजतच राहते. पण खरं सांगायचं तर, गाडी आणखी वर्षभरच वापरायची असेल तर ती मलमपट्टीही चालून जाते.

ताणलेला रॉड

ही गोष्ट नीट समजून घ्या, कारण 'नवं लॅचही खराब निघालं' या तक्रारीमागे पुष्कळदा हीच असते.

बाहेरच्या हँडलपासून लॅचपर्यंत येणाऱ्या रॉडच्या एका टोकाला आटे असतात आणि त्यावर नायलॉनची छोटी गुंडी, बहुधा पिवळी किंवा पांढरी. ही गुंडी फिरवून रॉडची लांबी कमी-जास्त होते. नियम असा की हँडल सोडलेलं असताना रॉड आणि लॅचचा कान यांच्यात एक-दोन मिलिमीटर रिकामी हालचाल राहिली पाहिजे. हँडल थोडं ओढल्यावरच रॉड कामाला लागला पाहिजे.

मेकॅनिक घाईत असला की ही हालचाल शून्य करतो, कारण मग हँडल 'टाइट' वाटतं आणि गिऱ्हाईक खूष होतं. पण शून्य म्हणजे लॅचचा कान कायम किंचित ओढलेला. त्यामुळे जीभ दुसऱ्या टक् वर पूर्ण बसत नाही. दरवाजा लागल्यासारखा दिसतो, पण धरून ठेवणारा दात काठावरच टेकलेला असतो. घोटीच्या रस्त्यावर खड्डा लागला की तो दात सुटतो आणि दरवाज्याची लाइट पेटते, किंवा दरवाजाच उघडतो. उलट रॉड फार ढिला ठेवला तर हँडल शेवटपर्यंत ओढूनही जीभ सुटत नाही. मग लोक हँडल हिसकतात आणि हँडलचा कान तुटतो. म्हणजे एकाच गुंडीच्या दोन-तीन आट्यांवर लॅच आणि हँडल दोघांचं आयुष्य टांगलेलं.

जुळवण्याची खूण: गुंडी लॅचच्या कानातल्या भोकासमोर अशी यावी की ती ढकलून बसवताना ना रॉड वाकावा लागेल, ना कान हलावा. तिथून हँडल ढिलं पडेल अशा बाजूनं एक आटा फिरवून मग क्लिप लावा.

पार्ट आणताना

लॅच डावं-उजवं आणि पुढचं-मागचं असं चारही दरवाजांचं वेगळं असतं. सेंट्रल लॉकवालं आणि साधं, हाही फरक. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या वर्षांत रॉडच्या कानांच्या जागा बदललेल्या असू शकतात. म्हणून जुनं लॅच काढून सोबत घेऊन जाणं सगळ्यात बरं, आणि ते जमत नसेल तर त्यावर ठसवलेल्या नंबराचा आणि मागच्या बाजूचा स्पष्ट फोटो. दुकानात दोन्ही शेजारी ठेवून कान मोजा, भोकं जुळवा, नव्याची जीभ तिथेच दोनदा टक् करून सोडवून बघा.

भंगारातलं ओरिजिनल लॅच आणि बाजारातलं नवं डुप्लिकेट यात निवड असेल तर आमचं मत भंगारातल्याकडे झुकतं, अट एकच: जीभ आणि खिळ्यात खेळ नसावा. अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारावर २०१७ मध्ये महापालिकेनं हातोडा चालवल्यापासून एका जागी सगळं मिळण्याची सोय राहिली नाही, पण जुन्या गाड्या तोडणारे शोधले तर मिळतात. तिथून घेतलेल्या मालाची पावती घ्याच.

सोबत रॉडच्या क्लिपा आठ-दहा घ्या. पाच-दहा रुपयांची ही वस्तू जुनी झाली की काढतानाच तुटते, आणि तुटलेल्या क्लिपेच्या जागी बांधलेली तार किंवा रबरबँड हे पुढच्या बिघाडाचं आगाऊ बुकिंग. पुठ्ठ्याच्या क्लिपाही सहा-सात, जाड प्लास्टिकचा कागद एक मीटर, आणि कागद डकवायला ब्यूटाइल टेपचं एक वेटोळं.

चावीचं काय? बाहेरचं सिलिंडर चांगलं असेल तर ते तसंच राहू द्या, लॅच बदलताना त्याला हात लावायची गरज नसते. सिलिंडरच गेलं असेल तर नवा लॉकसेट येतो, दरवाजा, डिकी आणि इग्निशन सगळ्यांना एकच चावी. पण जुन्या चावीत चिप असेल तर इग्निशनला हात लावू नका, नाहीतर गाडी सुरूच होणार नाही. त्यापेक्षा नव्या सिलिंडरच्या पितळी पत्त्या चावीवाल्याकडून जुन्या चावीला जुळवून घ्या. आणि डुप्लिकेट काढायची तर कमी वापरलेल्या, कपाटातल्या चावीवरून. घासलेल्या चावीवरून काढलेली डुप्लिकेट ही त्या घासलेपणाचीच नक्कल असते.

बदलण्याचं काम

हत्यारं: दोन आणि तीन नंबरचे प्लस, आठ आणि दहाचा पाना, टी-३० बिट, नोज प्लायर, प्लास्टिकची चपटी पट्टी, टॉर्च, मॅग्नेट आणि जमल्यास हातोडीनं ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर. काच पूर्ण वर करा, मगच बॅटरीचं निगेटिव्ह काढा. उलट केलं तर पॉवर विंडोची काच अर्ध्यात राहते.

पुठ्ठा काढताना लपलेला स्क्रू हाच खरा शत्रू. आतल्या हँडलच्या वाटीत एक, हात टेकायच्या जागेत बहुधा दोन, कधी कोपऱ्याच्या तिकोनी झाकणामागे एक. काच फिरवायचं हाताचं हँडल असेल तर त्याच्या मागे तारेची क्लिप असते: जुन्या बनियनची पट्टी हँडल आणि पुठ्ठ्यामध्ये घालून दोन्ही टोकांनी बूट पुसल्यासारखी मागे-पुढे ओढा, क्लिप टुणकन उडते. ती कुठे उडते यावर लक्ष ठेवायला दुसरा माणूस असला तर उत्तम. मग पुठ्ठा खालून सोडवत या, पट्टी क्लिपेच्या अगदी जवळ घालून. एका क्लिपेपासून लांब ओढलं तर जुना पुठ्ठा फाटतो. शेवटी वर उचलून काढा.

कागद असेल तर तो ब्लेडनं डिंकातून कापत सोडवा, फाडू नका. आता काहीही काढण्याआधी लॅचचे सगळ्या बाजूंनी फोटो घ्या आणि प्रत्येक रॉडला मास्किंग टेप लावून नाव लिहा: 'बाहेरचं', 'आतलं', 'चावी', 'खुंटी' (म्हणजे आतून लॉक करायचं बटण). क्लिप काढताना रॉड ओढायचा नसतो. क्लिपेची मिठी आधी रॉडवरून बाजूला फिरवायची, मग रॉड भोकातून आपोआप निघतो. कित्येक गाड्यांत काचेचं मागचं चॅनल मध्ये येतं. त्याचा खालचा दहा नंबरचा बोल्ट काढून ते बाजूला सारा.

लॅचचे तीन स्क्रू पक्के बसलेले असतात. दोन नंबरच्या प्लसनं जोर लावला की त्यांचं डोकं गुळगुळीत होतं. म्हणून आधी डोक्यातली माती टोकदार वस्तूनं काढा, तीन नंबरचा प्लस बसवून मागून हातोडीचा एक ठणका द्या, मग पूर्ण वजन टाकून फिरवा. हलत नसेल तर इम्पॅक्ट ड्रायव्हर. तिसरा स्क्रू काढताना आतून लॅच हातानं धरा, नाहीतर ते रॉडांसकट दरवाजाच्या तळाशी जातं.

नवं लॅच बसवताना तिन्ही स्क्रू हातानं लावून घ्या, रॉड जोडा, बाहेरच्या हँडलची ती एक-दोन मिलिमीटरची हालचाल जुळवा, मग स्क्रू आवळा. यानंतर पुठ्ठा न लावता, दरवाजा उघडा ठेवूनच, सुरुवातीची स्क्रू ड्रायव्हरची तपासणी पूर्ण करा. आतून, बाहेरून, चावीनं, खुंटीनं. इथे दरवाजा घाईनं लावला आणि एखादा रॉड जोडायचा राहिला असेल तर बंद दरवाजातून पुठ्ठा काढण्याचा आणखी एक धडा आपसूक मिळतो.

आधीच अडकून बसलेला दरवाजा

ना आतून उघडतो, ना बाहेरून. आधी दोन माणसांचा उपाय: एकानं बाहेरून गुडघ्यानं दरवाजा लॅचजवळ आत दाबून धरायचा, त्याच वेळी दुसऱ्यानं हँडल ओढायचं. स्ट्रायकरवरचा ताण कमी झाला की घाण भरलेली जीभ बरेचदा सुटते. नाही सुटली तर दुसरा उपाय: खुंटी चार-पाच वेळा वर-खाली करत हँडल ओढत राहा.

तरीही नाही, तर पुठ्ठा दरवाजा बंद ठेवूनच आतून काढावा लागतो. पुढचा दरवाजा असेल तर सीट पूर्ण मागे किंवा काढून ठेवा, मागचा असेल तर मागच्या सीटची बैठक काढा. हात आत गेला की रॉड बाजूला ठेवून लॅचचा कान लांब स्क्रू ड्रायव्हरनं थेट ढकला. काचेच्या रबरातून पट्टी घालून आंधळेपणानं खुडबुड करू नका. रबर फाटतं, रॉड वाकतात, आणि सुरुवातीचा बिघाड एकाचा तिघांत जातो.

सेंट्रल लॉक

चारही दरवाजे एकदम मेले तर फ्यूज, रिमोटचा सेल आणि मोड्यूल (सगळ्या मोटरींना हुकूम देणारा डबा), या क्रमानं तपासा. एकच दरवाजा मेला तर मोटर किंवा वायर. इथे डिजिटल मल्टिमीटर फसवतो, कारण मोटरला करंट जेमतेम अर्धा सेकंद मिळतो आणि मीटरला आकडा दाखवायलाही वेळ पुरत नाही. त्यापेक्षा १२ व्होल्टचा पाच वॉटचा बल्ब मोटरच्या दोन वायरींच्या मध्ये लावा (बाहेरून बसवलेल्या बहुतेक किटमध्ये त्या निळी आणि हिरवी असतात) आणि दुसऱ्याला लॉक-अनलॉक करायला सांगा. दोन्ही वेळी बल्ब चमकला आणि मोटर गप्प, तर मोटर गेली. मोटर घूं करते पण दांडा हलत नाही, तर आतले प्लास्टिकचे दात गेले. बल्ब चमकलाच नाही, तर दरवाजा आणि खांब यांच्यामधल्या रबरी नळीत बघा.

तिथल्या वायरी दरवाजा उघड-बंद होताना रोज वाकतात. वरचं प्लास्टिक शाबूत दिसतं आणि आतलं तांबं तुटलेलं असतं. दरवाजा अमुक कोनात असेल तरच लॉक चालतं, ही त्याची पक्की खूण. नळीतली एकेक वायर हळू ताणून बघा: तुटलेली वायर रबरासारखी लांबते. जोड नळीच्या आत देऊ नका, तो पुन्हा तुटेल. बारीक तारांची लवचिक वायर घेऊन तुटलेला तुकडा दोन्हीकडे नळीबाहेर दहा-दहा सेंटिमीटरपर्यंत बदला, सोल्डर करा आणि वर श्रिंक ट्यूब.

लॉक आपोआप बंद-उघड, बंद-उघड नाचतं तेव्हा बहुधा पाच वायरींची ड्रायव्हर बाजूची मोटर गुन्हेगार असते. रॉड जड चालल्यामुळे ती आपली फेरी पूर्ण करत नाही, आतला स्विच अर्ध्यातच फिरतो, आणि मोड्यूलला उलटा निरोप जातो. एकेक दरवाजाचा कनेक्टर काढत जा, नाच थांबला की दरवाजा सापडला. नवी मोटर लावताना तिचा दांडा आणि लॉकचा रॉड एकाच रेषेत हवेत. दोन्ही 'बंद'च्या टोकाला नेऊन मधला क्लॅम्प आवळा, मग हातानं उघड-बंद करून बघा. कुठे अडलं तर कोन चुकलाय. आणि मोटरचं रबरी तोंड शक्यतो खाली ठेवा, वर ठेवलं तर काचेवरून उतरलेलं पाणी सरळ तिच्या पोटात.

पुठ्ठा लावण्याआधी

कागद जुना शाबूत असेल तर तोच, नाहीतर नवा कापून ब्यूटाइल टेपनं चारही कडांना डकवा. हँडल आणि वायरींसाठी भोक न पाडता उभी चीर द्या आणि तिच्याभोवती टेप दाबा. खालची कड खाचेतून आत खोचायला विसरू नका.

मग एक तांब्या पाणी काचेच्या बाहेरच्या रबरावर हळूहळू ओता. पाणी मिनिटभरात तळाच्या भोकांतून ठिबकायला लागलं पाहिजे, आणि कागदाच्या आतल्या बाजूवरून फिरवलेला हात कोरडा राहिला पाहिजे. हात ओला आला तर ती जागा शोधून टेप दाबा, पुन्हा एक तांब्या ओता, आणि हात कोरडा आला की पुठ्ठा लावा.